फोनची किंमत वर्षांनी भागा

दसरा-दिवाळी जवळ आली की मोबाइलच्या दुकानांवर फलक चढतात: १६ जीबी रॅम, १०८ मेगापिक्सेल कॅमेरा, शून्य टक्के व्याज. यातल्या जवळपास प्रत्येक आकड्यावर एक चांदणी असते आणि तिचा खुलासा तळाशी, भिंग घेऊन वाचावा अशा अक्षरांत. १६ जीबी रॅम म्हणजे बहुतेकदा खरी ८ आणि बाकीची ८ ‘व्हर्च्युअल’, म्हणजे स्टोरेजचाच एक कोपरा रॅमच्या नावाने काढून ठेवलेला. खऱ्या रॅमच्या मानाने स्टोरेज फारच संथ, त्यामुळे या वाढीव आठचा वापरताना फारसा उपयोग होत नाही. १०८ मेगापिक्सेलचा कॅमेरा एरवी नऊ पिक्सेलांचा एक करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो. ५० वाला चारांचा एक करून साडेबाराचा. यात फसवणूक नाही, कमी उजेडातला फोटो त्यामुळेच बरा येतो. पण मग फलकावरच्या मोठ्या आकड्यावरून दोन फोनांत निवड करता येत नाही. कॅमेऱ्याचं बघायचंच असेल तर ओआयएस, म्हणजे हाताचा कंप सावरणारी लेन्स, आहे का ते विचारा. आणि शेजारची २ मेगापिक्सेलची ‘मॅक्रो’ किंवा ‘डेप्थ’ लेन्स मागची बाजू भरलेली दिसावी म्हणूनच असते, असं माझं मत आहे.

जो आकडा खरोखर विचारायला हवा, तो फलकावर क्वचितच असतो: या फोनला किती वर्षं अपडेट मिळणार? अँड्रॉइडमध्ये सापडलेल्या पळवाटा गूगल नियमितपणे बुजवत असतं आणि त्या दुरुस्त्या फोनपर्यंत पोचवण्याचं काम फोन बनवणाऱ्या कंपनीचं असतं. कंपनीने हात वर केले की फोन बंद पडत नाही, नेहमीसारखाच चालतो. म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पण ज्या यंत्रातून बँकेचे व्यवहार होतात, त्याच्या कुलपाची दुरुस्ती त्या दिवसापासून थांबलेली असते. पुढे दोन-चार वर्षांनी बँकेचं एखादं ॲपच ‘तुमची आवृत्ती जुनी आहे’ म्हणून चालायचं थांबतं.

या बाबतीत गेल्या काही वर्षांत चित्र बरंच पालटलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने पिक्सेल ८ ला आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने एस २४ ला सात वर्षांचा शब्द दिला. ते फोन महागडे, पण पाठोपाठ सॅमसंगने गॅलेक्सी ए १६ ५जी सारख्या, भारतात वीस हजारांच्या आत आलेल्या फोनलाही सहा वर्षं देऊ केली. दुसऱ्या बाजूला, त्याच किमतीत दोनच वर्षांची हमी देणारे फोन अजूनही विकले जातात. म्हणून साधा हिशेब करा. फोनची किंमत भागिले अपडेटची वर्षं. १२ हजारांचा फोन दोन वर्षांचा असेल तर वर्षाला ६ हजार पडले. २० हजारांचा पाच वर्षांचा असेल तर ४ हजार. महाग कोणता ते लगेच कळतं.

या हिशेबात एक मेख आहे. वर्षं मोजली जातात ती फोन बाजारात आला त्या तारखेपासून. तुम्ही विकत घेतला त्या तारखेपासून नाही. सेलमध्ये गेल्या वर्षीचं मॉडेल चार हजारांनी स्वस्त मिळतं तेव्हा त्यातलं एक वर्ष आधीच उडालेलं असतं. ते वर्ष वजा करूनही सौदा परवडतो का, हे बघा. बऱ्याचदा परवडतो, आणि वर्षभरात त्या मॉडेलच्या खोडीही लोकांना कळलेल्या असतात, हा वरचा फायदा. उलट, सहा वर्षांचा शब्द असलेला फोन पहिल्याच दिवशी अडखळत असेल तर सहाव्या वर्षी तो हातात धरवणार नाही. तेव्हा वर्षांच्या जोडीला थोडा दमही हवा. खरी रॅम ८ जीबी असावी, अगदीच हात आखडता असेल तर ६. स्टोरेज १२८ जीबीच्या खाली नको. स्टोरेज कोणत्या जातीचं आहे तेही विचारा: ईएमएमसी असेल तर सोडा, यूएफएस घ्या. ‘फोन हँग होतो’ या तक्रारीचं मूळ स्वस्त फोनांत प्रोसेसरइतकंच या संथ स्टोरेजमध्ये असतं. उन्हात काम करणाऱ्यांनी, म्हणजे शेतकरी, डिलिव्हरीवाले, साइटवरचे लोक, फोन दुकानाच्या एसीत न बघता दाराबाहेर नेऊन बघावा. स्क्रीन वाचता आली तर घ्यावा.

स्क्रीनबद्दल आणखी एक. अमोलेड डिस्प्ले दिसायला सुरेख, काळा रंग खरोखर काळा, पण फुटला तर बदलण्याचा खर्च फोनच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत सहज जातो. काही कंपन्या सुट्या भागांच्या किमती आपल्या संकेतस्थळावर देतात. घेण्याआधी डिस्प्लेची किंमत बघून ठेवा. अशा डिस्प्लेवर काही काळाने अचानक उभी हिरवी रेघ उमटण्याच्या तक्रारी आपल्याकडे बऱ्याच झाल्या आहेत आणि काही कंपन्यांनी तो मोफत बदलूनही दिला आहे. तशी रेघ आली तर गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडे फोन उघडण्याआधी कंपनीच्या केंद्रात जा. एकदा फोन बाहेर उघडला की ते दार बंद होतं.

आणि ते केंद्र कुठे आहे? हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या माणसाला सुचत नाही. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला अधिकृत सर्व्हिस सेंटर जिल्ह्याच्या ठिकाणी, कधी त्याच्याही पुढे असतं. दोन फेऱ्या, एक बुडालेला दिवस. एकसारखे दोन फोन समोर असतील तर ज्याचं केंद्र जवळ, तो घ्या. रेंजचंही तसंच. सह्याद्रीच्या कुशीतल्या किंवा कोकणातल्या पुष्कळ गावांत एकाच कंपनीचा टॉवर असतो आणि तो अनेकदा बीएसएनएलचा असतो. तिथे फोन बीएसएनएलच्या ४जीवर व्होल्टीसकट, म्हणजे ४जीवरूनच कॉल लागण्याच्या सोयीसकट, चालतो का, विशेषतः ७०० मेगाहर्ट्झचा बँड धरतो का, हे तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. घराच्या भिंती जांभ्याच्या, जाड आणि आत रेंज नाही, पण वायफाय आहे, अशी स्थिती असेल तर ‘वायफाय कॉलिंग’ असलेला फोन निम्मं दुखणं घालवतो. ही सोय सेटिंग्जमध्ये पडलेली असते, चालू करावी लागते.

दुकानात बिल पक्कं घ्या आणि त्यावर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, छापलेला असू द्या. खोका तुमच्यासमोर फोडायला सांगा, फोन सुरू झाल्यावर *#०६# दाबा आणि स्क्रीनवरचा पंधरा आकडी क्रमांक, खोक्यावरचा आणि बिलावरचा, असे तिन्ही ताडून पाहा. हे करायला संकोच वाटू देऊ नका; दुकानदाराला त्याची सवय असते. ही खातरजमा अशासाठी, की काही जण ऑनलाइन सेलमध्ये घेतलेले फोन दुकानातून पुन्हा विकतात, आणि त्यांची वॉरंटी आधीच सुरू होऊन काही महिने झालेले असू शकतात. जुना फोन घेत असाल तर संदेशात के-वाय-एम ही इंग्रजी अक्षरं, एक जागा सोडून आयएमईआय, असं लिहून १४४२२ वर पाठवा. तो क्रमांक कोणत्या मॉडेलचा आहे आणि काळ्या यादीत आहे का, ते उत्तरात येतं. चोरीचा फोन स्वस्तात मिळाल्याचा आनंद पोलिसांचा फोन येईपर्यंतच टिकतो.

‘शून्य टक्के ईएमआय’विषयी थोडक्यात. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते. व्याज असतंच, दुकानदार किंवा कंपनी तेवढी सूट देऊन ते झाकते. त्यावर प्रोसेसिंग फी आणि, ईएमआय क्रेडिट कार्डावर असेल तर, व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुम्ही भरता. रोखीने घेतला तर किती कमी कराल, हा प्रश्न विचारा. बऱ्याच ठिकाणी लपलेली सूट तिथेच बाहेर येते.

फोन घरी आला. आता घाई करू नका. जुना फोन एक्सचेंजला देण्याचा मोह असतो, पण जमत असेल तर तो आठ-पंधरा दिवस घरातच ठेवा. एक्सचेंजच करायचं असेल तर आधी जुन्या फोनची पूर्ण नक्कल काढून ठेवा. संपर्क कुठे साठले आहेत ते आधी पाहा: सिममध्ये, फोनमध्ये की गूगल खात्यात. गूगल खात्यात असतील तर नवीन फोनमध्ये आपोआप येतात, सिममधले सिमबरोबर जातात, फोनमधले मागे राहतात. व्हॉट्सॲपचा जुना मजकूर हलवायचा तर दोन्ही फोन शेजारी ठेवून ‘चॅट ट्रान्सफर’चा क्यूआर कोड स्कॅन करणं हा सर्वांत सरळ मार्ग, ही सोय २०२३ पासून आहे आणि तिला गूगल ड्राइव्हची जागा लागत नाही. हे महत्त्वाचं, कारण आता व्हॉट्सॲपचा बॅकअपही गूगलच्या १५ जीबी मोफत जागेतच मोजला जातो. नातवाचे व्हिडिओ, जीमेल, फोटो, सगळ्यांची एकच खोली.

यूपीआयचं प्रकरण जरा नाजूक आहे. नवीन फोनमध्ये गूगल पे, फोन पे किंवा भीम सुरू करताना ॲप तुमच्या सिममधून एक संदेश स्वतःच पाठवतं आणि त्यावरून हा क्रमांक याच फोनमध्ये आहे, याची बँक खात्री करते. म्हणजे बँकेत नोंदवलेलं सिम त्याच फोनमध्ये हवं, दोन सिम असतील तर निवडताना तेच निवडायला हवं, आणि त्या सिमवरून संदेश जायला हवा. रिचार्ज संपलेला असेल किंवा प्लॅनमध्ये एसएमएसच नसेल, तर ॲप नुसतं गोल गोल फिरत राहतं आणि माणूस बँकेला शिव्या घालतो. त्यातही फोन बदलल्यावर पहिले २४ तास यूपीआयवर ५ हजार रुपयांचीच मर्यादा असते. घरात लग्नकार्य असेल, कुणी दवाखान्यात असेल, मुलाची फी भरायची शेवटची तारीख असेल, तर त्या आठवड्यात फोन बदलू नका.

मग भाषा. अख्खा फोन मराठीत करता येतो, हे अजूनही पुष्कळांना ठाऊक नसतं. घरातल्या आजी-आजोबांसाठी तो जरूर करा. अडचण एकच येते: बँकेच्या हेल्पलाइनवरचा माणूस ‘सेटिंग्जमध्ये जाऊन अमुक दाबा’ असं इंग्रजी नावाने सांगतो आणि समोर सगळं मराठी. त्यावर तोड आहे. अँड्रॉइड १३ पासून प्रत्येक ॲपची भाषा वेगळी ठेवता येते, अर्थात त्या ॲपने तशी सोय दिली असेल तर. फोन मराठी आणि बँकेचं ॲप इंग्रजी, असं खुशाल करा. जीबोर्ड कीबोर्डमध्ये मराठीचे दोन प्रकार घाला: एक देवनागरी अक्षरांचा आणि एक इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारा. ज्यांची बोटं टायपिंगला कंटाळतात त्यांना माइकचं बटण दाखवा. मराठी बोललेलं ते चांगलं टिपतं. विरामचिन्हं मागाहून हाताने घालावी लागतात. आईवडिलांच्या फोनमध्ये अक्षरं मोठी करा, आणि अडचणीच्या वेळी पॉवरचं बटण पटापट दाबून ११२ ला कसा फोन लावायचा ते एकदा समोर बसून समजावा. किती वेळा दाबायचं हे फोननुसार बदलतं, म्हणून त्यांच्याच फोनची सेटिंग बघून सांगा.

सफाईला अर्धा तास द्या. मध्यम किमतीच्या बहुतेक फोनांत न मागितलेले गेम, दुकानांची ॲप आणि जाहिरातींची सोय करूनच पाठवलेली असते. काढता येतील ती काढा, न निघणारी ‘डिसेबल’ करा. लॉक स्क्रीनवर रोज नवं चित्र आणि खाली बातमी दिसत असेल तर ते ‘ग्लान्स’ नावाचं प्रकरण आहे. सेटिंग्जमधून बंद होतं. व्हॉट्सॲपचं ‘मीडिया ऑटो डाउनलोड’ पहिल्याच दिवशी बंद करा, नाहीतर वर्षभरात १२८ जीबीतला मोठा हिस्सा सूर्योदय, गुलाब आणि शुभ सकाळने व्यापलेला असेल.

बॅटरीची खरी वैरी उष्णता. रात्रभर उशीखाली चार्जिंग, उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला फोन, जाड कव्हरात घालून लावलेला फास्ट चार्जर, हे सगळं बॅटरीचं आयुष्य खातं. विदर्भातल्या मे महिन्यात तर विचारूच नका. सेटिंग्जमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असेल तर ती लावा. महिन्यातून एकदा पूर्ण शून्यावर आणण्याची जुनी पद्धत आताच्या लिथियम बॅटरीला लागू नाही, उलट तिने नुकसानच होतं. दुचाकीच्या हँडलला फोन लावून फिरणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की इंजिनाच्या सततच्या कंपनाने ओआयएस असलेला कॅमेरा बिघडू शकतो. ॲपलने २०२१ मध्ये आपल्या ग्राहकांना हा इशारा दिला होता, आणि अँड्रॉइड फोनांतही यंत्रणा तशीच असते. पावसाळ्यात ‘आयपी ६७’ किंवा ‘आयपी ६८’ या अक्षरांवर फार विसंबू नका. ही चाचणी नव्या फोनची, स्वच्छ पाण्यातली असते आणि पाण्याने झालेलं नुकसान बहुतेक वॉरंट्यांत धरत नाहीत. भिजलाच तर बंद करा, पुसा, पंख्याच्या वाऱ्याला ठेवा, चार्जरला हात लावू नका. तांदळाच्या डब्यात खुपसण्याने काही साधत नाही. पिठी तेवढी चार्जिंगच्या भोकात जाते.

आता फसवणुकीचं. सध्या व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका येते. पाठवणारा कधी ओळखीचाही असतो, कारण त्याचा फोन आधीच ताब्यात गेलेला असतो. फाइलच्या नावाच्या शेवटी टिंब आणि ए-पी-के अशी इंग्रजी अक्षरं असतात. पत्रिका म्हटली की ती फोटो असते किंवा पीडीएफ. एपीके म्हणजे ॲप, दुसरं काही नाही. दाबलं की फोन विचारतो, या स्रोताला ॲप बसवू द्यायचं का? माणूस पत्रिका बघण्याच्या नादात ‘हो’ म्हणतो. मग ते ॲप संदेश वाचण्याची परवानगी मागतं. ती मिळाली की बँकेचा ओटीपी तुमच्याआधी चोराला दिसतो. कधी पत्रिकेऐवजी आरटीओचं चलन असतं, कधी पीएम किसानची यादी. चाल तीच. म्हणून सेटिंग्जमध्ये ‘अनोळखी ॲप इन्स्टॉल करा’ हा भाग उघडा आणि व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल मॅनेजर, सगळ्यांसमोरचं बटण बंद असल्याची खात्री करा. कुठलंही ॲप ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागत असेल आणि ते अपंग व्यक्तींच्या मदतीचं नसेल, तर नकार द्या, त्या परवानगीने ॲप स्क्रीन वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. पैसे गेलेच तर बँकेत रांग लावण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पहिल्या काही तासांत पुढच्या खात्यातली रक्कम गोठवता येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

फोन हरवण्याची तयारी हरवण्याआधीच करायची असते. हरवलेला फोन शोधून देणारं गूगलचं ‘फाइंड हब’ चालू ठेवा. अँड्रॉइड १० आणि पुढच्या पुष्कळ फोनांत चोरी ओळखून स्क्रीन लॉक करण्याची सोय आहे. लोकलमध्ये किंवा बाइकवरून कुणी फोन हिसकावला तर ती उपयोगी पडते. सिमला पिन लावा. नाहीतर चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि तुमचे ओटीपी त्याला येऊ लागतात. फोन गेलाच तर पोलिसांत तक्रार, त्याच क्रमांकाचं नवं सिम आणि मग सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर आयएमईआय ब्लॉक, हा क्रम.

जुना फोन विकताना किंवा कुणाला देताना आधी त्यातून गूगल खातं काढा, मगच रीसेट करा. खातं न काढताच रीसेट केलंत तर घेणाऱ्यासमोर तुमच्याच खात्याचा पासवर्ड मागणारी स्क्रीन येऊन थांबू शकते आणि मग तो रात्री दहाला तुम्हाला फोन करतो.

आणि खोका फेकू नका. फेकायचाच असेल तर त्यावरचा आयएमईआय आजच घरच्या वहीत लिहून ठेवा. ब्लॉक करण्याच्या अर्जात तो भरावाच लागतो, आणि त्या वेळी *#०६# दाबायला फोन हातात नसतो.